वेग वाढला की घुमके गप्प: फेअरिंगमधील स्पीकरच्या डब्याचा वारंवार उद्भवणारा दोष

मोटारसायकल दारात उभी असताना फेअरिंगमधले स्पीकर भरदार वाजतात आणि कोल्हापुरात शाहूपुरीतून बाहेर पडेपर्यंत काहीच तक्रार नसते. मात्र शिरोलीच्या पुढे महामार्गावर वेग साठ-सत्तरच्या वर गेला की आवाजातला भरीवपणा एकाएकी नाहीसा होतो, आवाज वाढवावा तर तो फाटतो, आणि काही खटपट करून तो सुधारलाच तर पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्या साडेतीनशे सीसीच्या, एका सिलिंडरच्या गाडीवर हा दोष मी सलग तीन वर्षे सोसला. त्या काळात स्पीकरच्या तीन जोड्या आणि दोन अँप्लिफायर बदलले. दोष त्यांपैकी एकाही वस्तूत नव्हता. तो स्पीकरच्या पाठीमागे कोंडलेल्या, किंवा खरे म्हणजे नीट न कोंडलेल्या, हवेत होता. ज्यांच्या गाडीवर हेच घडत आहे त्यांनी नवा स्पीकर घेण्याआधी पुढचे वाचावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

फेअरिंग म्हणजे हँडलसमोरचे कवच. वटवाघळाच्या पसरलेल्या पंखांसारखा त्याचा जो आकार ‘बॅटविंग’ म्हणून ओळखला जातो, तो हार्ले-डेव्हिडसनने १९६९ मध्ये आणला. त्याच धर्तीची कवचे आपल्याकडे फायबरमध्ये बनवून इतर गाड्यांवर बसवली जातात. अशा कवचाला पुढून हेडलाइटचे मोठे भोक असते, खालची बाजू हँडल वळण्यासाठी मोकळी ठेवलेली असते, वायरिंगच्या फटी असतात आणि आरशाच्या बोल्टची छिद्रे असतात. स्पीकर बसवणारा कारागीर साडेसहा इंची स्पीकर चार स्क्रूंनी या कवचावर ठोकतो आणि काम झाले असे समजतो. स्पीकरच्या मागे कवचाची पोकळी दिसते म्हणून आपल्यालाही तो डबाच वाटतो. प्रत्यक्षात तो डबा नसून चहूबाजूंनी उघडा पडलेला आडोसा असतो.

दोष नेमका हाच आहे का, हे ओळखण्यासाठी मला हलगी-घुमक्याच्या ध्वनिमुद्रणाइतके चांगले साधन सापडले नाही. हलगीचा कडकडाट वरच्या पट्टीतला असतो आणि कैताळ, म्हणजे झांजा, त्याहून वर. घुमके या तालवाद्याचा ‘धुम्म’ मात्र खालच्या पट्टीतला असतो. मोकळ्या मैदानात किंवा रस्त्यावर, भिंतीपासून दूर, गाडी उभी करून हा ठेका लावावा. हलगी कानात टोचते आणि घुमके कुठेतरी लांब, शेजारच्या गल्लीत वाजत असल्यासारखे वाटते, असे झाल्यास पाठीमागच्या हवेचाच प्रश्न आहे असे जवळजवळ नक्की समजावे. घराच्या दारात ही परीक्षा करू नये, कारण जवळच्या भिंती खालचे स्वर परत फेकतात आणि खोटे समाधान मिळते. मी पहिले वर्ष या खोट्या समाधानातच काढले.

माझे डोळे उघडले ते शिवाजी उद्यमनगरातल्या एका फायबरकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या शेडमध्ये. तिसऱ्या जोडीचे स्पीकर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि कवचाची भोके मोठी करून द्या, असे सांगितले. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले, कोपऱ्यातले टीव्हीचे रिकामे खोके उचलले, त्याचा एक मोठा पुठ्ठा कापून मधोमध स्पीकरच्या मापाचे भोक पाडले आणि माझ्या जुन्या जोडीतला, मी निकामी ठरवलेला स्पीकर त्या भोकावर घट्ट दाबून धरला. गाणे चालूच होते. पुठ्ठ्यावर स्पीकर टेकताच आवाजात पोट आले, आणि पुठ्ठा बाजूला केला की ते पुन्हा गेले. ‘‘स्पीकर तोच हाय की ओ साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘मागचा आवाज पुढं येऊन पुढच्याला खातोय. आधी त्याला कोंडा, मग नवं काय ते घ्या.’’ एका वाक्यात त्यांनी जे सांगितले त्यापलीकडे या विषयाचा गाभा नाही.

स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा शंकूसारखा पडदा, पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. म्हणजे पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींच्या अगदी उलट असतात. वरच्या स्वरांची लाट लहान असते, ती सरळ समोर जाते. १०० हर्ट्झच्या स्वराची लांबी मात्र सुमारे ३.४ मीटर असते. तिच्यापुढे दीड-दोन फुटांचे फेअरिंग म्हणजे काहीच नव्हे. मागची लाट हेडलाइटच्या भोकातून आणि खालच्या मोकळ्या बाजूने सहज वळसा घालून पुढे येते आणि दोघी एकमेकींना खोडून काढतात. कोन पूर्ण ताकदीने हलत असतो, बॅटरीतून वीज जात असते, पण कानापर्यंत खालचा स्वर पोहोचतच नाही.

गाडी उभी असताना हे तितकेसे जाणवत नाही. वेग वाढला की हेल्मेटभोवतीचा वारा घोंगावू लागतो आणि त्या घोंगाटाचा मोठा भाग खालच्या वारंवारतेतच असतो. ताशी शंभर किलोमीटरला हेल्मेटच्या आत तो नव्वद डेसिबलच्या वर जातो. आधीच अर्धा खोडला गेलेला बेस त्याखाली पूर्ण बुडतो. मग आपण आवाज वाढवतो. पण केवळ ३ डेसिबल वाढीसाठी दुप्पट वॅट लागतात आणि कानाला दुप्पट वाटावा इतक्या आवाजासाठी साधारण दहापट. अँप्लिफायर तिथवर पोहोचण्याआधीच त्याची मर्यादा संपते, आणि ऐकू येणारे ‘फाटणे’ ते हेच.

डब्याला हात घालण्याआधी तीन साध्या गोष्टी तपासून घ्याव्यात, नाहीतर सगळी मेहनत फुकट जाते. पहिली गोष्ट दोन्ही स्पीकरच्या जोडणीची दिशा. दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर लावावा. सेलची धन बाजू स्पीकरच्या धन टोकाला लागल्यावर कोन बाहेरच्या दिशेने उसळला पाहिजे. एक स्पीकर बाहेर आणि दुसरा आत उसळत असेल, तर दोघे मिळून बेस मारतात आणि कितीही चांगला डबा केला तरी फरक पडत नाही. दुसरी गोष्ट इंजिनाची. गाणे पूर्ण बंद ठेवून गाडी स्टँडवर हळूहळू रेस करावी. एका सिलिंडरच्या इंजिनाचा मुख्य हादरा मिनिटाला ३,६०० फेऱ्यांवर ६० हर्ट्झचा असतो आणि त्याचा दुप्पट स्वर १२० हर्ट्झ, म्हणजे कवचाच्या भिंती नेमक्या जिथे थरथरतात त्या भागातला. गाणे बंद असतानाही एखाद्या ठराविक रेसवर खरखर ऐकू आली, तर ती स्पीकरची नसून सैल नटाची, काचेच्या कडेची किंवा एकमेकांवर आपटणाऱ्या वायरींची असते. तिसरी गोष्ट म्हणजे अँप्लिफायरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून, जोरात गाणे चालू असताना, किती व्होल्ट मिळतात ते पाहणे. वीजपुरवठ्याचे पुढे थोडक्यात लिहितो.

गळती शोधण्यासाठी उदबत्ती पुरेशी आहे. फोनवर ५० ते ६० हर्ट्झचा स्थिर स्वर मध्यम आवाजात लावावा आणि वारा नसलेल्या जागी पेटलेली उदबत्ती स्पीकरच्या कडेने, स्क्रूंच्या भोवती, वायर बाहेर पडते त्या भोकाजवळ सावकाश फिरवावी. जिथे फट असेल तिथे धुराची सरळ रेघ अचानक थरथरते किंवा फुंकर घातल्यासारखी विस्कटते. माझ्या गाडीवर पहिल्या वेळी ती रेघ अकरा जागी विस्कटली.

आता माझ्या चुका सांगतो, कारण बहुतेक जण याच क्रमाने त्या करतात. मागची हवा कोंडायची हे कळल्यावर मी स्वयंपाकघरात वापरतात तसले दोन लिटरचे प्लास्टिकचे डबे आणले, त्यांचे तोंड स्पीकरच्या मागे बसवले आणि कडेने सिलिकॉन भरले. गळती थांबली, घुमके परत आले, पण प्रत्येक पुरुष गायक माठात तोंड घालून गात असल्यासारखा ऐकू येऊ लागला. याचे कारण आकड्यांत अगदी स्पष्ट दिसते. बंद डब्यातली हवा ही एक स्प्रिंगच असते आणि डबा जितका लहान, तितकी ती कडक. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या १९६१ पासूनच्या आणि १९७० च्या दशकातल्या कामामुळे हे गणित आज कोणीही कागदावर करू शकतो. स्पीकरच्या माहितीपत्रकात तीन आकडे पाहावेत: स्पीकरची स्वतःची अनुनाद वारंवारता (ज्या स्वराला कोन आपसूक सर्वांत सहज हलतो ती), ‘क्यूटीएस’ (त्या अनुनादाला किती आवर बसतो हे सांगणारा, थोडक्यात ‘क्यू’) आणि ‘व्हीएएस’ हा लिटरमधला आकडा (कोनाच्या लवचीकपणाइतकीच स्प्रिंग ज्या हवेची होते तिचे माप). व्हीएएसला डब्याच्या निव्वळ लिटरने भागावे, उत्तरात १ मिळवावा आणि त्याचे वर्गमूळ काढावे. या वर्गमुळाने पहिल्या दोन आकड्यांना गुणले की डब्यात बसवल्यानंतरचे आकडे मिळतात.

माझ्या स्पीकरचे आकडे ७० हर्ट्झ, ०.५५ आणि ८ लिटर असे आहेत. दोन लिटरच्या डब्यात ८ भागिले २ म्हणजे ४, त्यात १ मिळवून ५, वर्गमूळ २.२४. म्हणजे अनुनाद गेला १५७ हर्ट्झवर आणि क्यू झाला १.२३. क्यू ०.७ च्या आसपास असेल तर आवाज सपाट आणि आटोपशीर राहतो, १.२३ ला अनुनादाजवळ सुमारे अडीच डेसिबलचा उंचवटा उभा राहतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे तो उंचवटा नेमका गायकाच्या छातीवर बसला होता. ०.७ हा क्यू मिळवायचा तर याच स्पीकरला प्रत्येकी बारा लिटरहून मोठा डबा हवा, आणि तो मोटारसायकलच्या फेअरिंगमध्ये मावणे शक्य नाही. तेव्हा प्रश्न आदर्श डब्याचा नसून हँडल पूर्ण वळू देऊन जास्तीत जास्त किती लिटर मिळवता येतात, एवढाच उरतो.

ही जागा मोजण्याची युक्ती आमच्या घरातून निघाली. मजबूत प्लास्टिकच्या पिशवीत शाळू भरायचा, ती पिशवी स्पीकरच्या मागच्या मोकळ्या जागेत हाताने चेपून बसवायची, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून ती कुठे अडत नाही ना हे पाहायचे, आणि मग तोच शाळू लिटरच्या मापाने मोजायचा. वाकड्यातिकड्या जागेचे माप टेपने कधीच नीट निघत नाही. धान्य मात्र प्रत्येक कोपऱ्यात शिरते. माझ्याकडे प्रत्येक बाजूला पाच लिटर भरले. भिंतींची जाडी आणि स्पीकरच्या चुंबकाची जागा वजा जाता सव्वाचार लिटर निव्वळ उरले.

डबा फायबरचाच करावा आणि तो फेअरिंगच्या भिंतीला चिकटवून न ठेवता स्वतंत्र ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फेअरिंगच्याच सगळ्या फटी बुजवून त्याचा एक मोठा डबा करण्याचा सल्ला अनेक जण देतात. लिटर जास्त मिळतात हे खरे, पण हेडलाइट, हँडल आणि वायरिंग यांच्यामुळे तो कधीच पूर्ण बंद होत नाही, दर सर्व्हिसिंगला उघडावा लागतो, आणि दोन्ही स्पीकर एकाच हवेत काम करत असल्याने एकाची चूक दुसऱ्याला भोगावी लागते. साच्यासाठी थर्मोकोलचा ठोकळा कोरून वापरता येतो, मात्र पॉलिस्टर रेझिन लागताच थर्मोकोल विरघळतो, म्हणून त्यावर आधी पॅकिंगची टेप सगळीकडे एकसंध लावून घ्यावी. काचतंतूंच्या मॅटचे चार थर दिले की भिंत सुमारे चार मिलिमीटर जाड होते. भिंती सपाट न ठेवता फुगीर ठेवाव्यात; त्याच जाडीची वळणदार भिंत सपाट भिंतीपेक्षा पुष्कळ कमी थरथरते. मिस्त्रींनी माझ्या डब्यांना पपईसारखा आकार दिला. तो पाहून मला हसू आले होते, पण टिचकी मारल्यावर येणारा आवाज ‘टण्ण’ नसून ‘टक्’ होता, आणि तिथेच मी निश्चिंत झालो. जिथे भिंत थोडी सपाट राहिली तिथे आतून थरथर शोषणारे ब्युटिलचे डॅम्पिंग शीट लावले.

स्पीकर थेट फायबरवर न कसता त्याखाली १२ मिलिमीटर जाडीची एचडीपीईची, म्हणजे टणक प्लास्टिकची, रिंग द्यावी. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) रिंग घरच्या स्पीकरला चालते, पण गगनबावड्याच्या पावसात ती पोह्यासारखी फुगते. स्क्रूंच्या बाबतीत दोष परत परत येण्याचे खरे कारण दडलेले आहे. फायबरमध्ये थेट पिळलेला स्क्रू इंजिनाच्या हादऱ्याने हळूहळू आपले भोक कोरत जातो आणि पाच-सहा महिन्यांत सैल होतो. त्याऐवजी रिंगमध्ये पितळी इन्सर्ट बसवून त्यात स्टेनलेसचे बोल्ट, तेही चारऐवजी सहा, आणि आट्यांना मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर, म्हणजे ते सैल होऊ न देणारे चिकटद्रव्य, वापरावे.

दुसरे कारण पॅकिंगचे. दुकानात सहज मिळणारी स्पंजची पट्टी मऊ असते, म्हणून ती छान बसल्यासारखी वाटते. पण तिची छिद्रे एकमेकांना जोडलेली असल्यामुळे ती हवा सोडते, पाणी पिते आणि एका पावसाळ्यात चोथा होऊन बसते. माझे पहिले दोन प्रयत्न नेमके याच पट्टीने बुडवले. पट्टी घेताना तिचा तुकडा पाण्यात बुडवून दाबून सोडावा आणि मग पिळावा. पाणी गळले तर ती नको. बंद छिद्रांची ईपीडीएम रबराची पाच मिलिमीटरची पट्टी घ्यावी आणि बोल्ट इतकेच आवळावेत की ती तीन मिलिमीटरवर येईल. त्यापेक्षा जास्त आवळल्यास स्पीकरची फ्रेम वाकते आणि आतले कॉइल घासू लागते. सिलिकॉन वापरायचेच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे टाळावे. त्यातून सुटणारे आम्ल तांब्याच्या तारा आणि टर्मिनल खाते. उग्र आंबट वास नसलेले, न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन थोडे महाग पडते, पण तेच योग्य आहे. ग्लू गनचा गोंद तर उन्हात उभ्या गाडीवर मऊ पडतोच.

इथपर्यंत सगळे केल्यावर मी जी चूक केली ती मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. डबा मी अगदी हवाबंद केला. उदबत्तीची रेघ कुठेच हलेना, याचा मला अभिमान वाटत होता. रविवारी सकाळी पन्हाळ्याला गेलो, आणि चढ संपत आला तसा आवाज घशात अडकल्यासारखा, कोरडा झाला. वर गाडी लावून जाळी काढून पाहिली, तर दोन्ही कोन आपल्या जागेपासून पुढे येऊन ताठ उभे होते. एक बोल्ट सैल करताच बारीक ‘फुस्स’ असा आवाज झाला आणि कोन आपल्या जागी गेले. उंची वाढली की दर शंभर मीटरला हवेचा दाब साधारण एक टक्का कमी होतो. तीनशे मीटर चढल्यावर डब्यात अडकलेली खालची हवा बाहेरच्यापेक्षा तीन टक्के जास्त दाबाची ठरली आणि तिने कोन अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास बाहेर ढकलला; एवढ्या आकाराच्या स्पीकरची एका बाजूची चालच तीन-चार मिलिमीटर असते. रबराची कड आणि पॉलिप्रॉपिलीनचा कोन हवा झिरपू देत नाहीत, म्हणून पाण्याला टिकणाऱ्या स्पीकरमध्ये हे अधिक घडते. उन्हात डबा तापला तरी परिणाम तोच होतो.

उपाय अगदी लहान आहे. डब्याच्या सर्वांत खालच्या बिंदूवर एक मिलिमीटरचे एकच छिद्र पाडावे. दाब मिनिटभरात सारखा होतो, पण सेकंदाला शंभर वेळा होणाऱ्या हालचालीला त्या छिद्रातून निसटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे बेसवर परिणाम होत नाही. आत झिरपलेले पाणीही तिथूनच ठिबकते. छिद्र नीट आहे का, हे पाहण्यासाठी दोन्ही अंगठे कोनाच्या मधल्या टोपीच्या दोन बाजूंना ठेवून तो हलकेच, सरळ आत दाबावा आणि सोडावा. तो टपकन परत आला तर कुठेतरी मोठी गळती आहे. दाबून धरल्यावर बोटांना उशीसारखा विरोध जाणवला आणि तो सरकत, क्षणभर रेंगाळत परत आला, तर डबा बरोबर आहे.

डब्यात उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरावा. त्यातून हवा जाताना तिची उष्णता तंतूंना मिळत राहते आणि डबा स्पीकरला दहा-वीस टक्के मोठा वाटतो. माझे सव्वाचार लिटर त्यामुळे सुमारे ४.९ लिटरसारखे वागतात, म्हणजे अनुनाद ११४ हर्ट्झ आणि क्यू ०.८९. साधा कापूस किंवा नमदा भरू नये. तो ओल धरून बसतो. चुंबकाच्या मागे बोटभर जागा मोकळी सोडावी आणि खालचे छिद्र कापसाने बुजू देऊ नये.

अँप्लिफायरमध्ये ठराविक वारंवारतेखालचे स्वर कापणारा हाय पास फिल्टर असतोच. तो १०० हर्ट्झला, ऑक्टेव्हला (म्हणजे वारंवारता निम्मी होईल तेव्हा) १२ डेसिबलच्या उतारावर ठेवावा. बेससाठी एवढी खटपट केल्यावर बेस कापायचा, हे अनेकांना पटत नाही. पण बंद डबा अनुनादाच्या खाली तसाही ऑक्टेव्हला १२ डेसिबलने उतरतो. तिथे कानाला काही मिळत नाही आणि कोन मात्र उगाच लांबवर हलत राहतो. तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली काढायला कोनाला चौपट चालावे लागते. तो ताण काढून टाकला की १०० ते २०० हर्ट्झमधला ठोका स्वच्छ येतो, आणि धावत्या गाडीवर ऐकू येणारा बेस तोच असतो. ४० हर्ट्झचा खोल स्वर साडेसहा इंची स्पीकरमधून रस्त्यावर मिळत नाही, तेव्हा इक्वलायझरवर ६० हर्ट्झची पट्टी वर ढकलू नये. त्याऐवजी १२० ते १५० च्या पट्टीत दोन डेसिबल कमी करावेत आणि २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल वाढवावेत, कारण हेल्मेट वरचे स्वर अधिक अडवते. ही जुळवणी हेल्मेट घालूनच करावी.

वीजपुरवठ्याचे थोडक्यात असे. प्रत्येकी ५० वॅटचे दोन स्पीकर पूर्ण जोरात असताना अँप्लिफायर दहा अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीपासून जाऊन-येऊन तीन मीटर वायर धरली, तर एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये अर्धा व्होल्ट वाया जातो आणि अडीच चौरस मिलिमीटरमध्ये ०.२ व्होल्ट. अडीचचीच वायर घ्यावी, ऋण टोक फ्रेमला न जोडता थेट बॅटरीला न्यावे, आणि १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. रेसबरोबर वाढत जाणारी शिट्टी ऐकू येत असेल, तर ती बहुतेक वेळा चुकीच्या अर्थिंगमुळेच येते.

आवाज सुधारला की तो वाढवण्याचा मोह होतो, म्हणून दोन गोष्टी आवर्जून नोंदवतो. ८५ डेसिबलला आठ तास ही कानांसाठी प्रचलित मर्यादा आहे आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. वाऱ्याचा घोंगाट त्यातच मोजायचा. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सीपीआर रुग्णालयासमोरून जाताना मी गाणे बंदच करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत, हे ध्यानात घेऊन फ्रेमला कुठेही कापाकापी किंवा वेल्डिंग न करता सगळे बोल्टने उतरवता येईल असेच बसवावे.

हे डबे बसवून दोन पावसाळे झाले. त्यात गगनबावड्याच्या चार फेऱ्या आणि राधानगरीच्या बाजूची अनेक भटकंती झाली. पहिल्या पावसाळ्यानंतर उजव्या डब्याचे छिद्र चिखलाने बुजलेले आढळले आणि पन्हाळ्याचा प्रसंग पुन्हा घडता घडता राहिला. तेव्हापासून दर वर्षी मृग निघण्याच्या आधीच्या रविवारी मी जाळ्या काढतो, छिद्रात बारीक तार फिरवतो, बाराही बोल्टना पाना लावून पाहतो आणि दोन्ही कोन अंगठ्याने दाबतो. या जूनमध्ये डाव्या बाजूचा एकच बोल्ट पाव फेरा आवळावा लागला. शिरोलीच्या पुढे ऐंशीच्या वेगाला घुमके आजही हलगीच्या बरोबरीने ऐकू येते.